एक जूनचे अठराशे त्रेसष्ट

माणसानं नोकरीत कायम व्हावं, ही काही फार मोठी अपेक्षा नाही. पण कोल्हारच्या गोधन सहकारी दूध संघात कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख असलेल्या सम्राटची एवढी एक अपेक्षा सात वर्षं पुरी होत नव्हती. विभागप्रमुख म्हणजे काय, तर विभागात तो एकटाच. कॉम्प्युटरही एकच, आणि त्यावर धूळ बसू नये म्हणून मॅनेजरसाहेबांच्या घरचा जुना पलंगपोस. दर अकरा महिन्यांनी संघ त्याला एक दिवस घरी बसवी आणि दुसऱ्या दिवशी नव्यानं कामावर घेई. सातव्या वर्षीही बिचारा कागदोपत्री नवाच होता.

एवढ्यानंही बिघडलं नसतं. बिघडलं ते लग्नात. सासरे तात्या तेव्हा श्रीगोंद्याकडे तलाठी होते. त्यांनी बैठकीत विचारलं, "नोकरी कायम ना?" समोर यशोधरा पोह्यांच्या बशा घेऊन उभी. अशा वेळी हरिश्चंद्रही घसरला असता. सम्राट म्हणाला, "कायम." झालं! तात्या म्हणजे जन्म सातबाऱ्यात गेलेला माणूस. कागद बघितल्याशिवाय त्याला सूर्य उगवल्याचंही खरं वाटत नसे. तेव्हापासून दरवर्षी जावयाच्या वाढदिवसाला, म्हणजे एक जूनला, तात्या शर्टाचं कापड घेऊन येत आणि पाण्याचा पेला हातात घेतानाच विचारत, "ती ऑर्डर दाखवता का जरा?" पहिल्या वर्षी ऑर्डर कपाटात होती आणि किल्ली हरवली होती. दुसऱ्या वर्षी ती ऑडिटला गेली. तिसऱ्या वर्षी नगरला, चौथ्या वर्षी उंदरांनी खाल्ली. पाचव्या वर्षी, म्हणजे नव्व्याण्णव साली, तात्यांनी आधीच पोस्टकार्ड टाकलं: 'यंदा कागद पाहूनच जेवेन.'

म्हणून चेअरमन गहिनीनाथ आबांनी जानेवारीत इंटरनेटचं नाव काढलं, तेव्हा सम्राटनं ती संधी दोन्ही हातांनी धरली. आबा पुण्याला कुठल्याशा प्रदर्शनात जाऊन आले होते. आल्या आल्या म्हणाले, "सम्राटराव, आपला संघ जगाला दिसला पायजे." महिनाभरात दिसू लागला. पानावर एक गाय आणि आबा. गाय जरा लहान. जगात ते पान बघणारे तिघं होते, सम्राट, आबा आणि पुण्याच्या कंपनीतला तो मुलगा ज्यानं अमेरिकेतल्या सर्व्हरवर आपल्याला जागा घेऊन दिली.

मग आबांना कल्पना सुचली. सभासदाचा वाढदिवस असेल त्या दिवशी त्याचं नाव पानावर झळकावं आणि यादी सकाळी सहाला ऑफिसात हजर असावी. सम्राट म्हणाला, "सोपं आहे. एक स्क्रिप्ट लिहितो. म्हणजे सर्व्हरला दिलेली कामाची चिठ्ठी. आणि वेळापत्रकात एक ओळ टाकतो, की रोज अमुक वाजता ही चिठ्ठी वाच आणि काम कर. मग कोणी काही करायला नको. आपोआप."

'आपोआप' हा शब्द सहकारात उच्चारू नये, हे त्याला कळायला हवं होतं. संचालक मंडळाची तातडीची सभा लागली. मॅनेजर राधाकृष्ण, ज्यांनी उभ्या आयुष्यात तोंडी उत्तर कुणाला दिलं नव्हतं, त्यांनी पहिला मुद्दा काढला.

"आपोआप म्हणजे कोणत्या खात्यात?"

"खातं नाही साहेब. मशीन करतं."

"करतं ना? मग मस्टरवर सही कोण करणार?"

तासभर चर्चा होऊन मस्टरमध्ये तळाला एक नाव वाढवलं: 'स्क्रिप्ट (अमेरिका)'. त्याची सही त्याच्या वतीनं सम्राटनं करायची. नियमाप्रमाणे त्याला रविवारची सुट्टी दिली. पण ते गाढव रविवारीही कामावर आलं. सोमवारी राधाकृष्णांचा मेमो तयार: 'विनापरवानगी सुट्टीच्या दिवशी काम केल्याबद्दल चोवीस तासांत खुलासा करावा.' तो खुलासाही सम्राटनंच लिहिला आणि स्क्रिप्टच्या वतीनं दिलगिरी व्यक्त केली.

वेळापत्रकाची ती ओळ त्या पहिल्या सभेपुढे ठेवली, तेव्हा शेजारचे सहादेव गुरुजी चष्मा कपाळावर घेऊन पुढे सरकले. गुरुजींनी गावच्या शाळेत छत्तीस वर्षं काढली होती. निवृत्तीनंतर ते न बोलावता प्रत्येक सभेला येत आणि त्यांना उठवायची कुणाची छाती नव्हती. निम्म्या संचालकांचे कान त्यांनी पिळलेले. सम्राटनं समजावलं, "मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार, अशी ही पाच घरं. पहिल्या दोनांत आकडे, पुढच्या तीनांत चांदण्या. चांदणी म्हणजे कोणताही दिवस चालेल."

"पाचच घरं?" गुरुजी म्हणाले. "पत्रिकेला बारा लागतात. आणि तारखेच्या घरात चांदणी ठेवू नकोस बाळ, तारीख नेहमी ठाम असावी. मी छत्तीस वर्षांत तारीख मोकळी सोडली नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. हे वाक्य किती खरं आहे, ते तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

पहिले आठ दिवस तर फजितीचेच गेले. आबा नारळ आणि हार घेऊन दारात उभे राहत आणि घरातून उत्तर येई, "आबा, काल हुता." आबा भडकले. सम्राटनं शोध लावला की आपल्याकडे सकाळचे सहा वाजतात तेव्हा अमेरिकेत आदल्या दिवसाची संध्याकाळ असते.

"आबा, तिकडं अजून कालच चाललाय."

"मंग त्यान्ला सांगा, जरा लवकर उरका म्हनावं!"

शेवटी अमेरिकेला न सांगता सम्राटनं तारखेत एक दिवस मिळवला आणि गाडी रुळावर आली. इतकी रुळावर आली, की फेब्रुवारीच्या सर्वसाधारण सभेत आबांना माईकसमोर भरून आलं. ते म्हणाले, "यादीत ज्याचं नाव येईल, त्याच्या दारात त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत मी सोता येनार. एक जरी घर चुकलं तर ही खुर्ची सोडली!" टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांतच दुसरा ठरावही झाला: योजना एकतीस मेपर्यंत एकही दिवस खंड न पडता चालली आणि एक जूनची यादीही पार पडली, तर त्याच संध्याकाळी सम्राटला कायमची ऑर्डर. एक जून ही तारीख सम्राटनंच सुचवली. तात्या त्याच दिवशी येणार होते ना! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

संघाचे सभासद अडीच हजारांच्या घरात. रोज यादीत कधी एक नाव, कधी तीन, कधी कोणीच नाही. आबा आरामात जात, नारळ देत, चहा घेत. तीन-साडेतीन महिन्यांत सारे मिळून दोनशे वाढदिवसही झाले नाहीत. मग बाकीचे दोन हजार लोक जन्मले तरी कधी, हा प्रश्न एकालाही पडू नये? नाही पडला.

एक जूनला सकाळी सम्राट इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात आला. त्यानं फोन लावून इंटरनेट जोडलं, यादी उतरवायला घेतली आणि प्रिंटर सुरू केला. प्रिंटर कर्र कर्र करत राहिला. सम्राट चहा पिऊन आला, तरी कर्र कर्र. कागद टेबलावरून उतरला, दारातून बाहेर पडला आणि पायऱ्यांवरून दुधाच्या कॅनपर्यंत पोचला. सम्राटनं शेवटचा आकडा वाचला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. अठराशे त्रेसष्ट.

तेवढ्यात आबा आले, फेटा बांधून, हातात एक नारळ. "आज किती?"

सम्राटनं सांगितलं.

"घराचा नंबर न्हाई विचारला. मानसं किती?"

"तेवढीच, आबा."

आबांनी नारळ खाली ठेवला. राधाकृष्णांनी यादीवर बोट फिरवलं. "एका दिवशी एवढी माणसं जन्मली? याला परवानगी कुणी दिली?" मग बोट अचानक थांबलं. यादीत त्यांचंही नाव होतं. सम्राटचं होतं. सहादेव गुरुजींचं होतं. आणि सभासद क्रमांक एक म्हणून सगळ्यात वर, गहिनीनाथ आबा.

गुरुजी नेहमीप्रमाणे पेपर वाचायला आले होतेच. सगळ्यांनी एकदम त्यांच्याकडे बघितलं.

"असे काय बघता?" गुरुजी म्हणाले. "शाळा जूनला उघडायची. पोराला सहा पूर्ण लागायची. आई म्हणायची, 'बाजरी काढायला आली तवा झाला.' बाजरीचा रकाना असतो का रजिस्टरला? मी एक जून लिहायचो. माझ्या गुरुजींनी माझीही तीच लिहिली. स्वच्छ तारीख आहे, लक्षात राहते."

"आणि जे शाळेत गेलेच नाहीत ते?" सम्राटनं विचारलं.

राधाकृष्ण खाकरले. "फॉर्मवर रकाना रिकामा चालत नाही. मी आपली गुरुजींची पद्धत चालू ठेवली."

आपली तारीख एक जून आहे हे ज्याला त्याला माहीत होतं हो! पण दुसऱ्याचीही तीच आहे, हे विचारायला कोण जातो? सम्राट भिंतीला टेकून खालीच बसला. त्याला समोर तात्या दिसत होते, ताटावर हात धुऊन बसलेले, आणि ताटात काही नाही.

"उठा," आबा म्हणाले. जुना पैलवान माणूस, शब्दाला पक्का. "दिलेला शब्द हाय. पयलं घर कुनाचं?"

पहिलं घर आबांचंच होतं. आबा स्वतःच्या दारात उभे राहिले, बाहेरून कडी वाजवली आणि आतून मालनबाई आल्या. "एवढ्यात परत? खुर्ची गेली का काय?" आबांनी स्वतःचा नारळ बायकोच्या हाती दिला. स्वतःच्या गळ्यात हार घातला आणि पुढच्या घराकडे निघाले. हे एकच घर त्या दिवशी झटपट झालं.

कारण पुढं आडवा आला तो आपल्या भागातला मानपान. चेअरमन दारात आले आणि चहा न घेता गेले, असं कोल्हारात घडलेलं नाही. त्यातून दूध संघाचे सभासद. चहात पाणी घालायची बिशाद नाही. पाणी म्हणजे चेअरमनच्या तोंडावर दुधात भेसळ! आणि आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, म्हणून आबांनी नारळ दिला की घरचा माणूस उलटा आबांचा सत्कार करी. टॉवेल, टोपी आणि नारळ. नारळ संपतील ही सम्राटची भीती तिथंच गेली. एकाचा दिलेला नारळ दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. सगळं गाव दोन नारळांत उरकलं असतं. प्रश्न टोप्यांचा होता. घातलेली टोपी यजमानाच्या देखत काढली तर अपमान, आणि यजमान वेशीपर्यंत पोचवायला येई. म्हणून पुढची टोपी आधीच्या टोपीवर बसे. दुपारी साडेतीनला अठरा घरं झाली होती आणि आबांच्या डोक्यावर सतरा टोप्या होत्या. फेटा खाली कुठंतरी होता.

बातमी पसरली होतीच. वाटेत लोक सल्ले देत. एक म्हणाला, हेलिकॉप्टर मागवा. दुसरा म्हणाला, आबांना ट्रॅक्टरवर उभं करा आणि घरांवरून नारळ फेका. राधाकृष्ण वही घेऊन मागून चालत होते आणि दर घरी पोच सही घेत होते. त्यातच निम्मा वेळ जात होता.

एकोणिसावं घर आक्काबाईंचं. सत्तरीची म्हातारी, दोन म्हशी, ओटा शेणानं सारवलेला. आबा ओट्यावर टेकले ते टेकलेच.

"आबा, च्या ठिवते."

'चहा' ऐकताच त्या पैलवानाच्या डोळ्यांत पाणी आलं. "सम्राटराव, राजीनामा लिवा. माज्यानं आता घोट जात न्हाई. आक्काबाई, हा घ्या नारळ. वाढदिवस हाय तुमचा."

"कुनाचा? माझा?" आक्काबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "कुनी सांगितलं? मी दिवाळीची हाय. मामा भाऊबीजेला आल्ता तवा मी आईच्या पोटात हुते, अन् मामा माघारी गेला तवा पाळन्यात. माझ्या आईला खोटं पाडता व्हय?"

गुरुजी समोरच्या लिंबाचा शेंडा बघू लागले.

"मंजी आज तुमचा वाढदिवस न्हाईच?" आबांनी हळूच विचारलं.

"न्हाई म्हंजे न्हाई."

"मंग मी हितं आलोच कशाला!" आबा ताडकन उठले. सतराच्या सतरा टोप्या पडल्या.

सम्राटच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यादी चुकीची आहे! ज्याचा वाढदिवस नाही, त्यानं तसं लिहून दिलं की नाव बाद, आणि नाव बाद झालं की घर चुकायचा प्रश्नच नाही. राधाकृष्णांना त्यानं विचारलं, "चालेल?" लेखी असेल तर राधाकृष्णांना भूकंपही चालला असता. दुधाच्या टेम्पोवर कर्णा बांधला आणि नऊही संकलन केंद्रांवर निरोप गेला: संध्याकाळचं दूध घालायला येताना, आज जन्म झाला नसल्याचं लिहून आणावं. लोकांना उदाहरण म्हणून पहिला अर्ज सम्राटनंच दिला. आई भागिरथीबाई नेहमी सांगायची, 'तू जयंतीच्या आदल्या आठवड्यातला. घरात निळ्या पताका चिकटवत हुते, तिथंच कळा आल्या.' त्यानं झोकात सही ठोकली.

पाच वाजल्यापासून जी रांग लागली ती बघण्यासारखी होती. एका हातात किटली, एका हातात अर्ज. 'कालव्याला पहिलं पाणी सुटलं त्याच्या आदल्या दिवशी.' 'ज्या साली आमची विहीर ढासळली तेव्हा, पण विहिरीच्या आधी.' 'थोरल्या भावाला माहीत आहे, पण आमचं बोलणं नाही.' दूध घालायचं राहिलं बाजूला, लोक एकमेकांना आपापला जन्म सांगत बसले. सकाळपासून वाढदिवस म्हणून पेढे आणून ठेवलेल्या एकाला फार वाईट वाटलं, पण त्यानंही अर्ज दिला आणि पेढे रांगेतच वाटून टाकले.

साडेसहाला शेवटचा टेम्पो आला. अर्ज भरले अठराशे पंचेचाळीस. झालेली घरं अठरा. यादीत उरले शून्य. एक जूनला कोल्हारात कोणीही जन्मलं नव्हतं. आबांची खुर्ची वाचली, लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं, आणि कुणीतरी चहा म्हणताच त्यांनी खाली उडी मारली.

सम्राट धावत राधाकृष्णांच्या टेबलाशी गेला. ऑर्डर टाइप करून तयार होती. शिक्का हातात होता. पण राधाकृष्णांचं बोट एका रकान्यावर अडलं होतं.

"जन्मतारीख?"

"एक जू..." सम्राट म्हणाला आणि जीभ चावली.

"तुमच्या अर्जाप्रमाणे ती नाही. पहिला अर्ज तुमचाच आहे. मग कोणती?"

"एप्रिल. जयंतीच्या आदल्या आठवड्यात."

"तारीख?"

"आठवडा नक्की आहे, साहेब."

"आठवड्यावर माणूस कायम करता येत नाही. पुढच्या सभेत बघू. सभा दिवाळीनंतर."

सात वर्षं! सात वर्षं त्यानं वाट बघितली, अमेरिकेच्या वतीनं सह्या केल्या, रविवारी काम केल्याचे खुलासे दिले, आणि आता स्वतःच्या सहीनं स्वतःला बाद केलं. घरी तात्या सकाळपासून उपाशी बसले होते. सम्राटला रडूच यायचं बाकी होतं. पुढं काय झालं ते त्यालाही कळलं नाही; त्यानं गठ्ठ्यावरचा आपला अर्ज ओढला आणि टराटरा फाडला. "माझा आजच आहे! जन्मलो मी आज!"

"हरकत नाही," राधाकृष्ण शांतपणे म्हणाले आणि रकाना भरून शिक्का मारला. "म्हणजे यादीत एक नाव आलं. आबा, सूर्य मावळायच्या आत यांच्या दारात."

सगळ्यांनी पश्चिमेकडं बघितलं. वीस मिनिटं जेमतेम होती, आणि सम्राटचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, प्रवरेच्या पुलापाशी. आबांनी त्याचा दंड धरला. "च्या न्हाई ना तुमच्याकडं?"

"शपथ, आबा!"

टेम्पो सुटला. मागं कॅन आदळत होते, पुढं आबा मांडीवर नारळ धरून बसले होते, राधाकृष्ण पोच वही घट्ट धरून. दारात थांबले तेव्हा उसावर ऊन शिल्लक होतं. तात्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर शर्टाचं कापड, चेहरा उपासानं उतरलेला. आबांनी हार सम्राटच्या गळ्यात घातला, नारळ हातात दिला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "तात्यासाहेब, जावई लाखात एक हाय! ही घ्या ऑर्डर. कायम!"

सम्राटनं डोळे मिटून घेतले. पाच वर्षांचं ओझं उतरलं होतं. तात्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडाकडं धरला आणि एकेका शब्दावर थांबत मोठ्यानं वाचलं. "'...यांस दिनांक एक जून एकोणीसशे नव्व्याण्णव, म्हणजे आजपासून, सेवेत कायम करण्यात येत आहे.'" ते थांबले. "आजपासून?"

आबा नारळाकडं बघू लागले.

"म्हणजे पाच वर्षं माझी मुलगी तात्पुरत्या माणसाकडं नांदत होती?"

सम्राटनं डोळे उघडायचं धाडस केलं नाही. दारातून यशोधरा पदराला हात पुसत बाहेर आली. "मला लग्नानंतर आठव्या दिवशीच कळलं होतं, तात्या. यांनीच सांगितलं. रात्रभर झोपले नव्हते."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही दरवर्षी कागद विचारलात. मी कशी आहे, सुखात आहे का, हे एकदा तरी विचारलं असतंत, तर तेही सांगितलं असतं."

तात्यांनी मुलीकडं बघितलं. मग सम्राटकडं. मग पुन्हा कागदाकडं, कारण तिथं बघणं त्यांना सोपं जात असावं. कागदाची घडी घालून त्यांनी ती स्वतःच्या खिशात ठेवली.

"शिक्का जरा पुसट उठलाय," ते म्हणाले. "पण चालेल. यशू, ताट वाढ. आम्हा दोघांचं."